अमेरिकन मेकॅनिकची खूण

माझी गाडी कधीच आपणहून बिघडत नाही. मी ती दुरुस्त करतो, मग ती बिघडते.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. अमेरिकन, लालभडक, दोनच दरवाजे आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरांचं इंजिन! माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि (माझ्या बायकोच्या, शीतलच्या मते) माझ्यापेक्षा जास्त लाड करून घेते. शारजाच्या एका भंगाराच्या आवारात ती वाळूत रुतून बसली होती. तिला रस्त्यावर आणण्यात माझे कितीतरी हिवाळे गेले. हिवाळे, कारण उन्हाळ्यात इथे दुबईत पाना हातात धरवत नाही. सगळं काम चालायचं रास अल खोर भागात, सलीमच्या गॅरेजमध्ये. सलीम दापोलीचा, माझा जुना दोस्त. मी स्वतः जबल अलीच्या बंदरात कुठला कंटेनर किती वाजता हलवायचा हे ठरवायची नोकरी करतो. त्यामुळे 'टायमिंग' हा माझा प्रांत, अशी माझी ठाम समजूत होती.

लोक गाडीला हसायचे. आई मात्र हसली नाही. ती सांगलीहून आमच्याकडे राहायला आली होती. निवृत्त शिक्षिका. तिच्या पर्समध्ये अजूनही लाल पेन, खडू, व्हाइटनर आणि आवळासुपारी एकत्र नांदतात. तिने गाडीला एक फेरी मारली, दारावर हात फिरवला आणि तिथूनच बहिणीला फोन लावला.

"शुभा, श्रीने स्वतःच्या हाताने गाडी उभी केलीय! परत येताना मला याच गाडीतून विमानतळावर सोडणार आहे."

मी असं काहीही म्हणालो नव्हतो. पण शुभामावशीला सांगितलं म्हणजे अख्ख्या सांगलीला सांगितलं. मावशीने लगेच मागणी नोंदवली, "फोटो पाठव. मागे विमानतळ दिसला पाहिजे!"

आईचं विमान दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी होतं. दसऱ्याला तिने गाडीची पूजा करायचं ठरवलं. गाडी तेव्हा लिफ्टवर, डोक्याच्याही वर टांगलेली.

"काकू, खाली घेऊ का?" सलीमने विचारलं.

"राहू दे. आजवर गाड्यांची पूजा वरूनच केली. पोटाकडे कुणी बघितलंच नाही." असं म्हणून आई तबक घेऊन सरळ गाडीखाली शिरली.

"काकू, माझा हवेचा कंप्रेसर पण लय खोकतो. त्याच्याकडे पण बघा जरा!"

आईने कंप्रेसरवर झेंडूचं फूल ठेवलं. एवढ्यात मला ऑफिसचा फोन आला (बंदरात कंटेनर अडकला की दसरा-दिवाळी कुणी बघत नाही) आणि मी बाहेर पडलो. परत आलो तेव्हा पूजा आटोपली होती, आई पर्स बंद करत होती आणि सगळे पेढे खात होते.

त्या दिवशी गाडी उत्तम चालत होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण घरचे मला हे अजूनही मुद्दाम सांगतात.

पण आईला न्यायचं म्हणजे नुसतं उत्तम कसं पुरेल? मी टायमिंग एकदम अचूक लावायचं ठरवलं. इंजिनात ठिणगी पडायची एक नेमकी वेळ असते. डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा ही ठिणगी आठही सिलिंडरांना वाटतो. तो जरासा फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. शिवाय इंजिनाचा वेग वाढला की हाच डबा ठिणगी आपणहून आणखी लवकर पाडतो; त्याला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. हे सगळं तपासायला एक लुकलुकणारा दिवा मिळतो. तो खालच्या पुलीवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावर, मारला की पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते, आणि ती शेजारच्या पट्टीवरच्या योग्य आकड्यासमोर आणायची. आजवर मी टायमिंग नुसतं कानाने लावत होतो. आता नवा कोरा दिवा मागवला.

दिवा मारला आणि काय सांगू! काळ्याकुट्ट पुलीवर एक स्वच्छ, पांढरीशुभ्र, सरळ रेघ!

"सलीम! धाव! ही खूण बघ!"

"मस्त आहे रे! कोणी केली?"

"अमेरिकेतल्या मेकॅनिकने! दुसरं कोण करणार? इतक्या वर्षांपूर्वी केलेली खूण, अजून जशीच्या तशी. याला म्हणतात शिस्त! आपल्याकडे करेल कुणी?"

मी फोटो काढला आणि जुन्या गाड्यांवाल्या आमच्या ग्रुपवर टाकला. खाली अमेरिकन कार्यसंस्कृतीवर एक निबंधही लिहिला. भराभर अंगठे आले. मग मी डिस्ट्रिब्युटर फिरवला, रेघ आकड्यासमोर आणली आणि इंजिनाचा आवाजच बसला.

"थंड आहे अजून," मी म्हणालो.

सलीमने एकदा माझ्याकडे आणि एकदा दुबईच्या उन्हाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सहकुटुंब चाचणी. आई पुढे, शीतल आणि आमची कॉलेजातली लेक ईरा मागे. गाडीत दमच नव्हता. शेजारून एक सामानाने लादलेली सायकल आम्हाला मागे टाकून गेली आणि सायकलवाल्याने सहानुभूतीने हातही केला! मी चिडून पाय दाबला, तर मागून फडाड्! सायलेन्सरमधून असा बार उडाला की टायरच्या दुकानातले लोक "या अल्ला!" म्हणत बाहेर पळाले. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघाला.

"श्री, हीटर चालू आहे का?" मागून शीतल.

"बाबा, इट वॉज फाइन बिफोर यू फिक्स्ड इट," ईरा.

"दिवाळी जवळ आलीय, एखादा बार उडायचाच," आई. माझी बाजू घेणारं गाडीत तेवढंच एक माणूस होतं.

मी डिस्ट्रिब्युटरवर संशय घेतला. अ‍ॅडव्हान्सच बिघडला असणार! आत छोटी वजनं असतात आणि त्यांना चिमुकल्या स्प्रिंगा. स्प्रिंग काढताना एक उडाली आणि सलीमच्या चहात पडली. (त्याने चहा आधी संपवला, मग स्प्रिंग दिली.) नव्या स्प्रिंगा बसवल्या. टायमिंग पुन्हा त्या रेघेवर आणलं. फडाड्!

मग हवेच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारा व्हॅक्यूमचा पडदा फाटल्याचा संशय घेतला. तो तपासायची सोपी रीत म्हणजे त्याची रबरी नळी तोंडात धरून हवा ओढायची. मी डोळे मिटून, गाल आत घेऊन जीव खाऊन ओढत होतो, तेव्हाच शीतल आईला घेऊन डबा द्यायला आली.

"आई, हा गाडीचा हुक्का ओढतोय की काय?"

"ओढू दे. लहानपणीही कुठली गोष्ट अर्धवट सोडायचा नाही," आई अभिमानाने म्हणाली.

पडदा बदलला, कॉइल बदलली, प्लग बदलले. दर वेळी सलीम हळूच म्हणायचा, "श्रीभाऊ, एकदा टायमिंगच परत बघू या का?"

"टायमिंगला हात लावायचा नाही! खूण समोर दिसतेय ना? मी लावलंय ते!"

"यल्ला, चल, मग खलास," सलीम म्हणायचा आणि कंप्रेसरकडे जायचा. कंप्रेसरचा खोकला मात्र दसऱ्यापासून थांबला होता.

शुक्रवारी मी हात टेकले. आईला गॅरेजमध्येच सांगितलं, "आई, उद्या टॅक्सी करू या."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली. मग, "शुभाला सांगते, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणून." ज्या बाईने खोटं बोलल्याबद्दल मला अख्ख्या वर्गासमोर बाकावर उभं केलं होतं, ती माझी अब्रू राखायला खोटं बोलायची तयारी करत होती!

"जाण्यापूर्वी एकदा बघते तिला," म्हणून आई लिफ्टखाली गेली. तिने मान वर केली आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, माझं गंध अजून टिकलंय की!"

"कुठलं गंध?"

"हे काय, या चाकावर. तेलामुळे कुंकू चिकटेना. एवढं मोठं चाक, आणि त्यालाच कोरडं कसं ठेवायचं? म्हणून व्हाइटनरने एक उभी रेघ ओढली. बघ, फळ्यावर ओढावी तशी सरळ आलीय!"

मग सलीम टायरच्या ढिगावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणजे आठवडाभर मी एका अमेरिकन इंजिनाची ठिणगी आईच्या गंधावर लावत होतो!

मी चिंधी घेऊन पुली घासली. तेलाच्या थराखालून कोरलेली खरी खाच निघाली. गंधापासून चांगली वीतभर नाही, पण बोटभर तरी लांब. आईने पर्समधून बाटली काढली, चष्मा सारखा केला आणि खाचेत स्वतःच्या हाताने पांढरी रेघ भरली. मी डिस्ट्रिब्युटर फिरवला, खूण आकड्यासमोर आली आणि इंजिन असं काही बोलायला लागलं की सलीम उठून उभा राहिला.

शनिवारी मी आईला माझ्या गाडीतून विमानतळावर नेलं. एकही बार उडाला नाही. सिग्नलला शेजारच्या चकचकीत, महागड्या गाडीतला अरब तरुण काच खाली करून म्हणाला, "हबीबी, व्हॉट अ कार!" आईने खिडकीतून मान काढून त्याला सांगितलं, "माय सन मेड!" मला रस्ता नीट दिसेना. (एसीचं तोंड डोळ्यांवर होतं.) फोटोत विमानतळ मागे स्पष्ट दिसतोय, माझी छाती मात्र फोटोत मावली नाही.

आत जाताना आईने व्हाइटनरची बाटली माझ्या हातात ठेवली. "विमानात नेऊ देणार नाहीत. तुला लागेलच."

ग्रुपवर मी प्रामाणिकपणे खुलासा टाकला, की तो शिस्तीचा अमेरिकन मेकॅनिक सांगलीचा निघाला आणि तो माझी आई आहे. तेव्हापासून माझ्या गाडीबद्दल मला कुणी काही विचारत नाही. सगळे एवढंच विचारतात, "काकूंचा पुढचा व्हिसा कधी?" सलीमने तर कंप्रेसरच्या पुढच्या पूजेसाठी नंबरही लावून ठेवलाय.