ठोके दिसल्याशिवाय सही नाही

माझ्या धाकट्या भावाची वाचा गेली, त्याला त्या मंगळवारी सात आठवडे झाले होते. बोललेलं त्याला कळतं का, हे पाहायला बारीक दिव्यांची टोपी घालून मेंदूतल्या रक्ताचा आलेख काढायचा होता. आलेख सपाट आला तर बोलण्याचे व्यायाम बंद आणि त्याची कायमची रवानगी शुश्रूषागृहात.

त्याला टोपी चढवणारी बाई पन्नाशीची. आधी बारा वर्षं पार्लरमध्ये केस कापत होती. ते करता करता परीक्षा देऊन तंत्रज्ञ झाली. उवा शोधाव्यात तसे केस बाजूला करते, म्हणून वॉर्डात तिला उवामावशी म्हणत.

आलेख सपाटच आला.

"संपलं," डॉक्टर तिला म्हणाले. "सही करा. बाहेर अकरा जण बसलेत."

"यात हृदयाचे ठोकेसुद्धा दिसत नाहीत, सर. मग ते वारलेत असंही लिहू का?" तिनं विचारलं.

भाऊ माझ्यासमोर डोळे मिचकावत बसला होता.

"केस दाट आहेत. उजेड कातडीपर्यंत पोचतच नाही. ठोके दिसल्याशिवाय मी सही करणार नाही."

"नोकरी नकोशी झाली का?"

"कात्री अजून घरात आहे," ती म्हणाली आणि कंगवा घेऊन बसली.

एकेका दिव्याखाली भांग पाडायला चाळीस मिनिटं गेली.

"नवरदेव सजवताय की काय?" मी विचारलं.

"इतका शहाणा नवरदेव पाहिला नाही, आजी."

मग पडद्यावर टाके घातल्यासारखे ठोके उमटू लागले. तिच्या सांगण्यावरून मी आधी निरर्थक अक्षरं वाचली, मग लहानपणी आम्ही दोघं विहिरीत पडलो ती गोष्ट. अक्षरांना काही हललं नाही, गोष्टीला मात्र दोन रेषा वर चढल्या.

"त्याला कळतं असं लिहा ना आता," मी म्हटलं.

"उद्या पुन्हा."

मला तिचा रागच आला. "आमच्या बाजूनं आलं तरी?"

"वाईट आलं ते एकदाच बघून मानलं नाही. चांगलं तेवढं कसं मानू?"

बुधवारी त्याच दोन रेषा पुन्हा चढल्या, दोनदा. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं सही केली. व्यायाम चालू राहिले.

एका रुग्णाला दोन दिवस का लावले, याचा लेखी खुलासा तिच्याकडे मागितला गेला. तिनं माझ्यासमोरच एक ओळ लिहिली: "केस दाट होते."