चिडियाघरात बायकांची वेळ

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मी बुऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली होती. पहाटे चारला उठून तिचं सगळं करायचं, शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवायचं, शाळा गाठायची, संध्याकाळी पुन्हा तेच. त्या वर्षांतलं मला काय आठवतं म्हणाल, तर पोटऱ्यांचं दुखणं.

अशाच एका हिवाळ्यात ताप्तीकाठच्या मैदानात फिरतं चिडियाघर उतरलं. गाड्यांवर पिंजरे, आत वाघ, अस्वल, तरस, माकडं. शहरातले सगळे मुलगे पाहून आले. मुलींना मात्र घरून परवानगी नव्हती. पुरुषांच्या त्या गर्दीत पोरी कशा पाठवायच्या?

माझ्या वर्गात एक तेरा वर्षांची मुलगी होती. वर्गात सगळ्यांत मोठी, वाचनात सगळ्यांच्या पुढे. माघात तिचं लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, "बाई, रात्री तर तिथे कोणी नसतं ना?"

मी ते मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. "जबाबदारी तुमची," एवढंच त्या म्हणाल्या. चिडियाघराच्या मालकाने शेवटचा खेळ संपल्यावर तासभर फक्त बायकांसाठी जागा उघडी ठेवायचं कबूल केलं. नाही म्हणाला असता तर मला बरंच वाटलं असतं, हे आता सांगायला हरकत नाही.

सात मुली, त्यांतल्या दोघींच्या आया आणि मी, अशा आम्ही कंदील घेऊन गेलो. थंडी होती. गॅसबत्त्या विझवलेल्या होत्या. एक म्हातारा रखवालदार शेकोटीजवळून उठून आमच्यापुढे चालू लागला. "आवाज नका करू, बाईसाब," तो म्हणाला. "दिवसा झोपतात ते आता जागे आहेत, आणि दिवसा खेळ करतात ते आता झोपलेत."

तसंच होतं. दिवसा गठडीसारखं पडून असतं म्हणतात ते तरस पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं फिरत होतं. साळिंदराने आमची चाहूल लागताच काटे खुळखुळवले, तेव्हा धाकट्या मुली माझ्या पदराला बिलगल्या. घुबडाने मान सगळी मागे वळवून आमच्याकडे पाहिलं. मुली हळू आवाजात बोलत होत्या, हसू दाबत होत्या. वर्गात मी याच प्राण्यांचा धडा शिकवला होता, तेव्हा अर्ध्या जणी जांभया देत होत्या.

वाघ शेवटच्या पिंजऱ्यात होता. पाठ करून झोपलेला. नुसते पट्टे आणि वरखाली होणारी कूस.

"बाई, मले तो उभा पाहायचा व्हता," ती मोठी मुलगी म्हणाली. घरची बोली तिच्या तोंडून शाळेत सहसा निघत नसे.

रखवालदाराने कोपऱ्यातली लांब काठी उचलली. "उठवू का?" त्याने मला विचारलं.

मला उभं राहवत नव्हतं. आईला औषध द्यायची वेळ टळून गेली होती. लवकर पाहून होईल आणि घरी जाता येईल, एवढाच विचार करून मी म्हणाले, "उठवा."

त्याने गजांतून काठी घालून वाघाला ढोसलं. एकदा, दोनदा. वाघाने मान वर केली. पुढचे पाय टेकून अर्धा उठला, तेवढ्यात मागचा एक पाय त्याच्याखाली मुडपला. तसाच बसून त्याने कंदिलाकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. गुरगुरला नाही.

"नका उठवू, चाचा," ती मुलगी म्हणाली. "थकलाय तो."

म्हाताऱ्याने काठी मागे घेतली. वाघाने डोकं खाली टेकलं. मला मुलीकडे बघवेना. ते वाक्य माझ्या तोंडून यायला हवं होतं.

परत येताना मुलींना एकेक करून घरी सोडलं. तिचं घर शेवटी आलं. दाराशी थांबून ती म्हणाली, "बाई, तुम्ही बाबांशी बोलाल का? परीक्षेपर्यंत थांबा म्हणून. तुमचं ऐकतील ते."

"बोलते," मी म्हणाले. "रविवारी येते."

त्या रविवारी आईला ताप होता. पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले आणि दिवेलागणीला जाग आली. तेव्हाही जाता आलं असतं. पण चूल पेटवायची होती, आईचे कपडे बदलायचे होते. उद्या जाऊ म्हटलं. असे किती उद्या गेले, ते सांगायची लाज वाटते.

गेले तेव्हा अंगणात मांडव घालत होते. तिच्या वडिलांनी मला खाली बसू दिलं नाही, आतून खुर्ची आणवली. मी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थोडं आधी आला असता तर काही करता आलं असतं, बाई," ते म्हणाले. "मुहूर्त अलीकडचा धरलाय आता. पोरगी म्हणत होती, बाई येणार आहेत."

ती आतल्या खोलीत होती. भेटायला बाहेर आली नाही, मीही निरोप पाठवला नाही. हातात दिलेला साखरेचा पुडा घेऊन घरी आले.

ती जवळच्या फोपनार गावी दिली होती. चारेक वर्षांनी एकदा बाजारात दिसली, सासूबरोबर, कडेवर मूल. भर रस्त्यात वाकून पाया पडली. मी विचारलं, "काही वाचतेस का?"

"सासऱ्यांना पोथी वाचून दाखवते रोज," ती म्हणाली. "त्यांना दिसत नाही." मग आईची चौकशी केली. आई गेल्याचं मी सांगितलं. ती काही बोलणार होती, पण सासूने हाक मारली, गाडी जुंपलेली होती, आणि ती मूल सावरत गेली.