दुधाबरोबर दिलेल्या गोळ्या

आमच्या घरात एक गोष्ट खरी धरली गेली आहे. माझ्या बायकोनं औषधपाण्यात हयगय केली म्हणून माझी आई मरायला टेकली होती, अशी. आई पुढं म्हातारपणानं गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. ती गोष्ट मात्र मागं राहिली. ती खोटी आहे हे परवापर्यंत दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक मी.

नव्वद साल उलटून गेल्यावरचा एक उन्हाळा. सणसरच्या मळ्यात आमच्या दावणीला नुकत्याच दोन जर्सी गाई आल्या होत्या. वाडवडिलांनी मेंढरं राखली, गाईचं दूध डेअरीला घालणारा घरात मी पहिला. त्या दुधाचा मला फार तोरा. त्यातच आईला रक्ताची आव लागली. ताप, कळा, घडीघडीला मागच्या आडोशाला धाव. इंदापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, मोठ्या आतड्याला जंतूंनी सूज आलीय. गोळ्या लिहून दिल्या.

"पाण्याबरोबरच द्यायच्या. दूध, दही, ताक नको, त्यानं ही गोळी अंगी लागत नाही. आणि जुलाब थांबले तरी मध्येच सोडायच्या नाहीत. पाकीट संपवायचं."

बायको मान हलवत ऐकत होती. मी दाराबाहेर बघत होतो. धारेची वेळ होत आली होती.

घरी आल्यावर आईनं गोळी तळहातावर घेतली. "एवढी गरम गोळी, अन् नुसत्या पाण्यावर?"

गोळी गरम पडते, तिच्यावर दूध हवंच, हे आमच्यात लहान पोरालाही पाठ. मेंढरांमागं हिंडताना आईनं आम्हाला झाडपाल्याचं औषधसुद्धा शेळीच्या दुधातून पाजलेलं.

"डॉक्टर नको म्हणलेत, आत्याबाई," बायको म्हणाली.

"तू डॉक्टरीण कवापासनं झालीस?" मी म्हणालो. आई हसली. पोटात कळ असताना हसली, म्हणून मला आणखी चेव आला.

बायकोनं ती गोळी पाण्याबरोबरच दिली. मग ते काम मी माझ्याकडं घेतलं. ती वैरणीला गेली की मी गोळी आणि साय धरलेलं कपभर दूध आईच्या हातात द्यायचो. परत आल्यावर बायकोला कप दिसायचा.

"अवं, परत दूध दिलंत?"

"माझी आई हाय. मला कळतं."

ती रोज सांगायची आणि मी रोज उठून गोठ्यात जायचो. ताप उतरत नव्हता. मला एका जागी बसवेना. भरलेली पाण्याची टाकी पुन्हा भरायची, झाडलेला गोठा पुन्हा झाडायचा. मागून टमरेलाचा आवाज आला की हातातलं काम तिथंच टाकायचं. मनात एक शंका होती, पण तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती. दूध बंद केलं असतं तर बायकोचं खरं ठरलं असतं.

लोणी भापकरहून थोरली बहीण आली, आमची आक्का. आईचे खोल गेलेले डोळे बघून तिनं बायकोला फैलावर घेतलं. आईला जीपमध्ये घालून आम्ही बारामतीला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधीच्या गोळ्या नीट दिल्या होत्या? कशाबरोबर? खरं सांगा, पुढचं औषध त्यावर ठरवायचंय."

"औषध सुनेच्या हातात व्हतं," आक्का म्हणाली. "चुकल्या असतील, दुसरं काय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. परक्या माणसांपुढं नवऱ्याला खोटं पाडायची आमच्यात रीत नाही, याचा मला भरवसा होता.

"पाण्याबरोबरच दिल्या," मी म्हणालो. "चुकल्या असतील मधी मधी."

ती खाली वाकून आईच्या भरलेल्या लुगड्याची घडी घालू लागली.

सलाईन लागलं. गोळ्या चुकल्यात असं समजून डॉक्टरांनी तीच गोळी पहिल्यापासून सुरू केली, पण नर्सच्या हातून आणि पाण्याबरोबर. मी घरून थर्मासभर दूध आणलं होतं, ते कुणी देऊ दिलं नाही. थर्मास खाटेखाली तसाच राहिला. आणि आईचा ताप उतरू लागला. तीच गोळी. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. आई वाचल्याचा आनंद होताच, पण खाटेजवळ जाऊन बसवत नव्हतं.

शेवटी थर्मास बायकोनंच काढला. दूध नासून वास सुटला होता. नळावर तो घासून आणून तिनं माझ्या शेजारी ठेवला.

"बूच लई घट्ट बसलं व्हतं," एवढंच म्हणाली.

आई बरी होऊन घरी आली. पण त्यानंतर तिनं सुनेच्या हातून साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नाही. "तू नगं, त्याला हाक मार," म्हणायची. मग मी जायचो. पाणी घेऊन. बायको दाराशी उभी असायची.

परवा आक्का आमच्याकडं राहायला आली आणि तिचंही पोट बिघडलं, तसंच, रक्त पडून. मी तिला दवाखान्यात नेऊन आणलं. गोळ्यांची पिशवी माझ्या हातात देत ती म्हणाली, "तूच ठेव बाबा. हिच्याकडं नगं देऊ. ठाव हाय न्हवं आईचं?"

बायको तिथंच भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

मी आक्काला सगळं सांगितलं. कप, साय, थर्मास, बारामतीत बोललो ते.

"आई असताना सांगायचंस," आक्का म्हणाली. "तिला सांगायचंस. मला सांगून काय उपेग?"

मी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडू लागलो.

बायकोनं तवा खाली उतरवला, हात धुतले आणि माझ्या मांडीवरची पिशवी उचलली. पाकीट उजेडात धरून बघितलं.

"ह्या कशाबरोबर घ्यायच्या, इचारलं का डॉक्टरला?"

मी विचारलं नव्हतं.