फेट्यातले पाहुणे

चोपड्याजवळ सिमेंटचे पुतळे घडवणारा माझा एक मित्र आहे. गिऱ्हाइकाने नाकारलेला पुतळा तो फोडत नाही, शेततळ्यात बुडवतो. “माणसांना नाही आवडला, माशांना विचारून बघू,” म्हणतो आणि स्वतःच हसतो.

मिशा ढिल्या पडल्या म्हणून नाकारलेले एक आबा असेच तळ्यात होते. परवा त्यांचा नातू पुतळा परत मागायला आला. पुण्यतिथी उद्यावर! मित्र पाण्यात उतरला, आबांना चाचपून रिकाम्या हातांनी वर आला.

“आते नही, भाऊ. आबाना फेटामा पिल्ला शेत.”

“फेट्यात माशांची पिल्लं आहेत म्हणून आता नाही? अहो, मग हार कोणाला घालू?”

“उद्या बठ्ठा आठेच या!”

आले की सगळे तळ्यावर! आबांच्या पत्नी अक्कांनी पोळी कुस्करून टाकली, तशी फेट्यातून पिल्लं सुळकन बाहेर आली. अक्का पदराआड हसल्या.

“जिवंतपणी यांनी पाहुणा दोन दिवस टिकू दिला नाही!”