पाव्हण्यांची गादी

पळसदेवला, माझ्या सासुरवाडीत, मी अंथरूण ओलं करणारा जावई म्हणून प्रसिद्ध आहे. बारामतीत लोक मला वेगळ्या कारणांनी ओळखतात, पण ती कारणं पळसदेवपर्यंत पोचलेली नाहीत.

त्याचं असं झालं. त्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांना, आबांना, कलिंगडाच्या रानात दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी कमी पडतंय, भरपूर पाणी प्या. आबा पिईनात. वेलींना ठिबकनं वेळच्या वेळी पाणी देणारा हा माणूस स्वतः दुपारनंतर तांब्याला हात लावत नव्हता, आणि का ते सांगतही नव्हता. माझी बायको नंदा घाबरून गेली. तुमचं ऐकतील ते, म्हणाली. (जावयाचं ऐकतात असा एक समज आहे.)

सांगण्यापेक्षा करून दाखवावं, म्हणून नंदाला घेऊन पळसदेवला पोचल्यापासून मी आबांसमोर तांब्यामागून तांब्या रिचवला. पाण्याच्या फायद्यांवर तर असं काही बोललो की सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. आबा नुसतेच मान डोलवत राहिले. त्यांच्या पेल्यातलं पाणीही शेवटी मीच प्यालो.

मोटारसायकलवरून आल्यानं माझी कंबर धरली होती. झोपताना मी शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरली. (ऐन उन्हाळ्यात शेक घेणारा माणूस त्या घरानं पहिल्यांदाच पाहिला.) झाकण हाताला भाजत होतं, म्हणून ते जेमतेम फिरवलं आणि सासूबाईंनी खास जावयासाठी काढलेल्या नव्या गादीवर आडवा झालो.

सकाळी उठलो तर गादी ओलीचिंब!

पिशवी गळली, मी सासूबाईंना सांगितलं.

"व्हय, पिशवीच गळली असंल," त्या नको इतक्या मायेनं म्हणाल्या.

गादी अंगणातल्या ट्रॉलीवर, बरोबर रस्त्याच्या बाजूला, वाळत पडली. येणारेजाणारे विचारत आणि सासूबाई कांद्याच्या भावाचं काढत. मला चहा अर्धाच कप आला. माझ्या उशाजवळचा तांब्या तर कधीच गायब झाला होता.

मग मात्र मी चिडलो. पिशवी पुन्हा भरली, त्या रागातच झाकण गच्च आवळलं, सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि आता बघाच, म्हणून ती स्वतःच्या डोक्यावर उलटी धरली. थेंब पडला नाही. हलवली, दाबली, पिळली. इतकी मजबूत पिशवी मी जन्मात पाहिली नव्हती. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. नंदाही माझ्याकडे जरा काळजीनं बघायला लागली.

आबांनी चपला घातल्या. पाण्याकडं जाऊन येऊ, म्हणाले.

धरणाचं पाणी पार मागं सरलं होतं आणि एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. आबा देवळाच्या सावलीला बसले आणि मलाही शेजारी बसवलं.

"लाजू नका पाव्हणं," ते म्हणाले. "मलाबी हाय त्यो तरास. रातीला उठस्तवर दम निघत न्हाय. म्हणून दुपारनंतर पाणीच पीत न्हाय मी. घरात कुणाला ठावं न्हाय."

मला फार वाईट वाटलं. चारचौघांत हसं होण्यापेक्षा हा माणूस रानात चक्कर येऊन पडायला तयार होता. पिशवीची हकिकत माझ्या अगदी ओठांवर आली होती. शपथेवर सांगितली असती तर त्यांनी विश्वासही ठेवला असता, पण मग आबा पुन्हा एकटे पडले असते.

मी म्हणालो, "आबा, मला एकट्याला डॉक्टरकडे जायची लाज वाटते. तुम्ही येता का बरोबर?"

"येतो की. तुमच्यासाठी येतो."

इंदापूरच्या डॉक्टरांना मी आधी आत जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी आबांना नीट तपासलं, या वयात हे होतं आणि औषधानं बरंही वाटतं, असं समजावून गोळ्या सुरू केल्या. मला कमरेसाठी गोळ्या दिल्या. आबांना सोबत म्हणून मी त्या मोठ्या श्रद्धेनं त्यांच्यासमोर घेत राहिलो.

आबांची चक्कर गेली. परवा पळसदेवला गेलो, तर ते तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होते. बघून डोळे भरून आले. तेवढ्यात सासूबाईंनी माझं अंथरूण घातलं: आधी कलिंगडाच्या वाफ्यावर टाकतात तो प्लॅस्टिकचा कागद, त्यावर गादी, आणि गादीवर पुन्हा कागद.

मी निमूटपणे पाण्यासाठी हात पुढं केला. आबांनी तांब्या हळूच पलीकडं सरकवला.

"तुमी बेतानं घ्या, पाव्हणं. गोळ्या समद्यांनाच लागू पडत्यात असं न्हाय."