डाग काढणारीची मान

धुलाईच्या दुकानात तिला सगळे डागताई म्हणत. डाग शाईचा, गंजाचा, तेलाचा की रक्ताचा, हे कापड नाकाशी धरलं की तिला कळायचं. मागच्या खोलीत दिवसभर वाफ. त्या वाफेत कपडे तरंगत राहायचे आणि आपणही त्यांतलेच, कुणीतरी टांगून विसरून गेलेले, असं तिला वाटायचं.

तिला पुढचं टेबल हवं होतं. तिथे माणसं होती, गप्पा होत्या. मालक हसून उडवून लावायचे. "अगं, डाग काढणारीच्याच मानेवर डाग! गिऱ्हाईक आल्या पावली परत जाईल."

मान काळवंडली होती खरी, मखमलीसारखी जाडसर. तिनं सगळी विद्या पणाला लावली. लिंबू झालं, सोडा झाला, शेवटी गंज काढायचं औषधही चोळलं. कातडी सोलवटली, तेव्हा इस्त्रीवाल्या मावशींनी दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली आणि विचारलं भलतंच. "पाळी कधी आली होती?"

"झाले असतील चार महिने."

"हनुवटीवर केस येतात?"

तिनं हनुवटी तळहातानं झाकली.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त घेतलं, ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी पाजलं आणि दोन तास बसवून ठेवलं. इतका वेळ रिकामी ती जन्मात बसली नव्हती. डोळे जडावले. आपण आपल्याच रक्तात उतरलोय, ओंजळीनं ते उपसतोय, डाग शोधतोय, असं काहीबाही दिसत राहिलं. डाग काही सापडेना.

रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर ठीक आहे. पण ती ठीक ठेवायला शरीराला इन्सुलिन दुपटीनं सोडावं लागतंय. त्यानं पुरुषी हार्मोन वाढलंय, म्हणून केस, म्हणून पाळी रुसलीय. पीसीओएस म्हणतात याला. मानेचा रंगही इन्सुलिनचाच."

"म्हणजे मळ नाही?"

"नाही गं बाई! घासणं बंद. गोळ्या घे, रोज चाल. रंग उतरेल, पण सावकाश. वर्षही लागेल."

सकाळी तिनं केस वर बांधले आणि सरळ पुढच्या टेबलाशी जाऊन बसली. मालकांचे डोळे विस्फारले. "अगं, ती मान..."

"डाग नाही तो, मालक. डाग असता तर एव्हाना उतरवला असता की. माझ्या हातून कुठला सुटलाय?"

मालकांनी पावतीपुस्तक तिच्याकडे सरकवलं. दारातून कोवळं ऊन आत आलं, हळूहळू तिच्या मानेवर चढलं आणि तिनं ते चढू दिलं.