छज्ज्याची वरची सळई

मी तेव्हा आठवी पास सून होते, म्हणजे माझ्या मते घरात सगळ्यात हुशार. बालाघाटला आमच्या गल्लीत सगळी कवेलूची, म्हणजे कौलांची घरं. सासऱ्यांनी समोरच्या खोलीवर स्लॅब आणि दारावर छज्जा घ्यायचं ठरवलं, तर तोरा मलाच चढला. जशा सिमेंटच्या गोण्या मीच वाहिल्या होत्या!

स्लॅबच्या दिवशी मजुरांना चहा द्यायला शिडीनं वर गेले. चहा देऊन उतरावं की नाही? पण समोरच्या घरची सून अंगणात दिसली. मग काय, छज्ज्यासाठी बांधलेल्या सळयांवर जाऊन उभी राहिले आणि नवं लुगडं नीट दिसेल अशा बेतानं गप्पा ठोकल्या. पायाखाली सळया दबल्याचं कळलं. पदर सावरून गुपचूप खाली आले.

थोड्या वेळानं सिमेंटचा कालवलेला माल छज्ज्यापाशी पोचला आणि घमेलं ओतणारी रेजा, म्हणजे मजूर बाई, थांबली.

"काहून थांबली वं?" मिस्त्री ओरडला.

"सळई दबली. आधी वर घ्या."

"मिस्त्री मी हाव का तू? माल सुकून राह्यला, टाक!"

तिनं घमेलं खाली ठेवलं आणि हात समोर ताठ धरला. "असा हात धरून वजन घेतलं त तान कुठी येते? वरून, खांद्यालेच न? छज्जा बी असाच लटकते. वरची सळईच त्याले धरते, थे खाली गेली का संपलं. मांगच्या कामावर खालच्या फळ्या काढल्याबरोबर पडलता एक. म्या पायला."

"लय शिकवते! उद्यापासून येऊ नको."

खाली अंगणात माझ्याशेजारी उभ्या सासऱ्यांनी विचारलं, "सळईवर पाय कोनं देला?"

रेजाची नजर वरून माझ्या पायांवर आली आणि निघून गेली. मी गप्प राहिले असते तर तिचं काम गेलं असतं, आणि छज्जा तसाच भरला गेला असता. त्याच दारात सासूबाई रोज दुपारी तांदूळ निवडत बसायच्या.

"मामाजी, मीच उभी होती."

लग्नानंतर सासऱ्यांसमोर बोललेलं माझं ते पहिलं पूर्ण वाक्य. काय पण मुहूर्त!

सासऱ्यांनी आधी माझ्याकडे, मग वर पाहिलं. मग म्हणाले, "मिस्त्री, सळया वर घे. बाई कुठी जात नाही."

मिस्त्रीनं आकड्यानं सळया उचलल्या, खाली गिट्टीचे तुकडे दिले आणि पुटपुटला, "बाबूजी, बहू को नीचे ही रखना."

काही दिवसांनी छज्ज्याखालच्या फळ्या निघाल्या. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा छज्जा जागच्या जागी होता, आणि धूळ बसायच्या आत सासूबाई सूप घेऊन खाली बसल्यासुद्धा! एवढं मोठं संकट त्या रेजानं हाताच्या एका इशाऱ्यानं टाळलं होतं. तिचे उपकार मला अजून फेडता आलेले नाहीत. ती निघालेल्या फळ्या रचत होती; तेव्हा मात्र इतकंच सुचलं की तिच्या पाया पडावं. वाकले, तर ती दोन पावलं मागं सरकली.

"राहू द्या बाई. तुमी फक्त पाय कुठी ठेवता थे पायत जा."